सतरा नंबरची जोडी

मी सतरा-ब. नाव वाचून एखाद्या खोलीची किंवा फाइलीची आठवण होईल, पण मी झाड आहे. रबर प्लांट. कुंडीच्या काठाखाली पांढऱ्या ऑइलपेंटनं हा नंबर घातलाय. उंची साडेचार फूट, वय अकरा वर्षं. इतक्याच ओळखीवर माझं आजवर भागलं.

नंबरात ब आहे म्हणजे कुठेतरी अ असणार, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्याच्याबद्दलही सांगायचं आहे. पण आधी वाडीबद्दल सांगतो.

वसईच्या पश्चिमेला, भुईगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत हेलनबायची वाडी आहे. पूर्वी तिथं केळी आणि पानवेली होत्या. तिचा नवरा सॅन्टन मुंबईत नोकरीला होता. कंपनी बंद पडली तसा तो घरी आला, दोन वर्षं केळीत राबला, आणि मग केळीची निम्मी जागा मोकळी करून त्यानं हिरवी जाळी ताणली. जाळीखाली घरात ठेवायची झाडं वाढवायला घेतली. मनी प्लांट, स्नेक प्लांट, अरेका पाम आणि आम्ही. गावातले लोक विचारायचे, "हे खायचं काय, सॅन्टन?" तो म्हणायचा, "खायचं काही नाही. बघायचं."

माझा जन्म बियांतून झाला नाही. विहिरीजवळ रबराचं एक जुनं झाड होतं. सॅन्टननं त्याच्या शेजारशेजारच्या दोन फांद्या निवडल्या, दोन्हींची बोटभर साल गोल काढली, तिथं ओलं शेवाळ लावलं आणि वरून प्लास्टिक घट्ट बांधलं. याला गुटी म्हणतात. दीड महिन्यानं प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागली. मग त्यानं एकाच सकाळी दोन्ही फांद्या करवतीनं उतरवल्या. आमचा पांढरा चीक खाली ठिबकत होता आणि हेलनबाय तो फडक्यानं टिपत होती.

"ही जोडी," सॅन्टन म्हणाला. "सतरा."

आता जोडी कशासाठी, ते सांगायला हवं. सॅन्टन झाडं विकायचा तशी ऑफिसांना भाड्यानंही द्यायचा. ऑफिसात ऊन नाही, वारा नाही, दिवसभर एसी. झाड तिथं महिनाभर तग धरतं, मग थकतं. इतर लोक झाड मरेपर्यंत ठेवत आणि मेलं की दुसरं आणत. सॅन्टनला ते पटायचं नाही. त्यानं प्रत्येक जागेसाठी दोन झाडं तयार केली. एक पंधरा दिवस ऑफिसात, दुसरं तेवढे दिवस वाडीत विश्रांतीला. पंधरवडा संपला की अदलाबदल.

आणि ही अदलाबदल गिऱ्हाइकाला कळता कामा नये, हा त्याचा नियम होता. "आपलं झाड किती छान तगलंय, असं त्याला वाटलं पाहिजे," तो म्हणायचा. "त्यासाठी काय करावं लागतं, ते आपल्यापाशी."

तेव्हा जोडीतली दोन्ही झाडं हुबेहूब ठेवणं आलं. ते काम हेलनबायकडे होतं. तिच्याकडे एक बांबूची काठी होती. तिच्यावर ती खुणा करायची, आमची पानं मोजायची, फांद्यांची दिशा बघायची. एका पावसाळ्यात मला विश्रांती चांगलीच मानवली आणि मी दोन पानं पुढे गेलो. तिनं काठी लावून बघितलं आणि माझा शेंडा नखानं खुडला. "थांब जरा," ती म्हणाली, "त्याला येऊ दे."

असा मी त्याच्या मापानं वाढलो आणि तो माझ्या. गंमत म्हणजे आम्ही एकत्र कधी राहिलो नाही. आमची भेट व्हायची अंधेरीच्या ऑफिसात, सामानाच्या लिफ्टपाशी. काळूराम अ ला घेऊन वर यायचा, सॅन्टन मला घेऊन पॅसेजमध्ये उभा असायचा. लिफ्टचं दार उघडायचं, आम्ही समोरासमोर यायचो, तो बाहेर, मी आत. दोन मिनिटं फार तर. त्या दोन मिनिटांत झाडं पुष्कळ बोलू शकतात.

काळूराम हा वाडीतला जुना माणूस. साठीचा, बारीक, खांद्यावर कायम टॉवेल. खत कालवणं, कुंड्या भरणं, झाडं उचलणं, सगळं त्याच्याकडे.

ऑफिस विम्याच्या कागदपत्रांचं होतं. माझी जागा रिसेप्शनच्या कोपऱ्यात, आणि तिथून हाताच्या अंतरावर अकाउंट्समधल्या जयवंतीचं टेबल. जयवंती विरार पूर्वेला चंदनसारला राहायची. ती मला भाऊजी म्हणायची. "काय भाऊजी, आज मान खाली का?" असं म्हणत ओढणीच्या टोकानं पान पुसायची, आणि मग फायली लावता लावता घरातलं एकेक काढायची. सासूचे गुडघे, सोसायटीची मीटिंग, नवऱ्याला जबरदस्तीनं सेक्रेटरी केलं ते. ती सांगायची एकाला, पण ऐकणारे आम्ही दोघं. तिच्या नणंदेचं लग्न ठरलं, हे मी ऐकलं. ते मोडलं, हे अ नं ऐकलं. नंतर ते पुन्हा त्याच मुलाशी जमलं तेव्हा मी होतो, आणि मधला भाग लिफ्टपाशी कळला नसता तर मला काही उमजलंच नसतं.

ती वर्षं बरी होती. एकोणीस ऑफिसं होती. पुढे टाळेबंदी आली, ऑफिसं बंद झाली, आणि सगळ्यांना वाटलं आता संपलं. पण घरात कोंडलेल्या माणसांना अचानक झाडं हवीशी झाली. विरारपासून मीरा रोडपर्यंत फोन येऊ लागले. सॅन्टननं जाळी आणखी पुढे नेली, उरलेली केळीही काढली. हेलनबाय तेव्हा म्हणाली होती, "थोडी केळी राहू दे." त्यानं ऐकलं नाही. दीड वर्षात माणसं कामावर परतली, त्यांची झाडं बाल्कनीत वाळली आणि फोन थांबले. ऑफिसं उघडली, पण निम्मी. कुणी लहान जागेत गेलं, कुणी माणसांना घरूनच काम करायला सांगितलं, कुणी प्लास्टिकची झाडं आणली. दर महिन्याला कुठून तरी आमच्यातल्या काही जोड्या कायमच्या घरी यायच्या.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत सॅन्टन सकाळी झाडांना पाणी घालून आला, ओट्यावर बसला आणि उठला नाही. मी त्या पंधरवड्यात ऑफिसात होतो. मला हे अ कडून कळलं, लिफ्टपाशी. मला न्यायला पॅसेजमध्ये हेलनबाय उभी होती, काळ्या कपड्यांत. तिनं मला उचललं. सॅन्टनपेक्षा ती मला शरीराला जास्त लावून धरते, एवढंच त्या दिवशी मला समजलं.

लोकांना वाटलं, आता वाडी बंद होईल. पण हेलनबाय टेम्पो चालवायला शिकली. बावन्नाव्या वर्षी. काळूराम शेजारी बसून हातातला टॉवेल पिळत राहायचा.

"बाय, घोडबंदरच्या चढाला गिअर बदला, नायतर गाडी मागं जाईल."

"तुला येतं का चालवायला?"

"नाय."

"मग टॉवेल पिळ."

वर्ष सरता सरता फक्त अंधेरीचं ऑफिस उरलं. तीस जागा, आणि बंद ऑफिसांतून परतलेली धरून साठ झाडं. नाताळात तिची मुलगी लविना आली. ती बोरिवलीला बँकेत आहे, सासर मीरा रोडला. तिनं जाळीखालून एक फेरी मारली आणि म्हणाली, "मम्मी, एक पार्टी आहे. लग्नाचं लॉन करायचंय त्यांना. जागा भाड्यानं घेतील, दहा वर्षांसाठी. तुला काही करावं लागणार नाही."

"आणि झाडं?"

"झाडं त्यांना नकोत. त्यांना सपाट जागा पाहिजे."

हेलनबायनं एका कुंडीतलं तण उपटलं. मग म्हणाली, "मार्चअखेर ऑफिसचा करार संपतोय. त्यांनी पुढे चालू ठेवला, तर वाडी राहील. नाही ठेवला, तर ईस्टरनंतर तुझ्या माणसाला बोलाव." लविनानं मान हलवली. अविचारी मुलगी नाही ती. आईला या वयात साठ कुंड्या चढवताना उतरवताना बघून तिचा जीव वर-खाली होत होता, एवढंच.

हे बोलणं मला फार उशिरा कळलं, कारण नाताळात मी वाडीत नव्हतो. जुलैपासून मी ऑफिसातच अडकलो होतो. त्याचं असं झालं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अदलाबदलीचा शनिवार आला. टेम्पो आला, लिफ्ट आली, दार उघडलं. काळूरामच्या हातात फक्त फवाऱ्याची बाटली आणि फडकं होतं. मी वाट बघत राहिलो. तो माझी पानं पुसून निघून गेला. पुढच्या पंधरवड्यालाही तेच. त्याच्या पुढच्याही.

सप्टेंबरात एका शनिवारी हेलनबाय माझी पानं पुसत होती आणि काळूराम फवारा धरून उभा होता. ऑफिस रिकामं होतं.

"सतरा-अ काल उपटला," तिनं सांगितलं. "मुळं हातात आली नाहीत, नुसता चिखल आला. नऊ झाडं गेली काळूराम, सगळी विश्रांतीची. मी तर दिवसातून एकदाच पाणी घालते."

काळूरामचा हात थांबला. "कवा घालता?"

"मिस्सावरून आले की. सॅन्टन घालायचा त्याच वेळेला."

"पन पानी तर मी घालतो. तुमी चर्चला असता तवा."

"तू?"

"दादा गेल्यापासून. कोनीतरी घालाया पायजे ना."

"मला बोलला नाहीस."

"कसं बोलनार. त्यांचं काम मी घेतलं, असं तुमाला तोंडानं सांगू?"

हेलनबाय एकच पान पुसत राहिली. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं. उन्हाळाभर दोघांनी एकेकदा पाणी घातलं ते उन्हानं खपवलं. पावसाळा लागला आणि वरून पाऊस, खालून दोन माणसांचं पाणी. पानं पिवळी पडली तसं दोघांनाही वाटलं, पाणी कमी पडतंय.

"मलाही वाटलं," ती शेवटी म्हणाली, "तुला सांगितलं तर तू म्हणशील, बायला लगेच दादाची जागा घ्यायची होती."

"मी असं म्हनलो असतो?"

"नाही."

काळूरामनं फवारा खाली ठेवला. "दादांनी शिव्या घातल्या असत्या."

"तुला. मला काही बोलला नसता तो."

तेव्हा काळूराम हसला, आणि हसता हसता त्यानं टॉवेल तोंडावर घेतला.

अ गेला हे मला असं कळलं. त्याबद्दल मी फार बोलणार नाही. एवढंच सांगतो की त्यानंतर पुष्कळ दिवस लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला की माझी पानं तिकडे व्हायची. झाडाला सवय मोडायला वेळ लागतो.

माझी विश्रांती मात्र अडली ती अडलीच. वाडीत जोडी फुटलेली एकटी झाडं होती, पण माझ्या मापाचं एकही नव्हतं. बावीस-अ होता, तो माझ्यापेक्षा वीतभर उंच. नियम होता, झाड बदललेलं कळता कामा नये. आणि करार तोंडावर आला असताना रिसेप्शनचा कोपरा रिकामा ठेवण्याची हेलनबायची छाती होईना. मी आठ महिने तिथंच उभा राहिलो. एकोणीस पानांची अकरा झाली.

जयवंतीच्या ते सर्वांत आधी लक्षात आलं. तिनं फोनवर कुठेतरी बघून डब्यातून कांद्याच्या सालींचं पाणी आणलं आणि माझ्या कुंडीत ओतलं. दुपारी ऑफिसचं व्यवस्थापन बघणारा सिद्धेश आला, नाक मुरडून म्हणाला, "जयवंती मॅडम, रिसेप्शनला भेळेच्या गाडीसारखा वास का येतोय?"

"भाऊजींना टॉनिक दिलंय."

"भाऊजींना राजीनामा द्यायला सांगा," तो म्हणाला. पण म्हणताना माझं एक गळलेलं पान त्यानं उचलून स्वतःच्या खिशात टाकलं, वरच्या साहेबांच्या नजरेला पडू नये म्हणून. सिद्धेश वाईट नव्हता. त्याच्याही मागे खर्च कमी करण्याचा तगादा होता.

मार्चच्या मध्यावर त्यानं हेलनबायला बोलावून घेतलं. हेड ऑफिसनं नमुन्यादाखल एक प्लास्टिकचं रबर प्लांट पाठवलं होतं. त्यानं ते माझ्या शेजारी ठेवलं. मी त्याची पानं मोजली. एकवीस. सगळी चकचकीत.

"आंटी, राग मानू नका," सिद्धेश म्हणाला. "पण दोन्ही शेजारी ठेवली तर खरं कुठलं ते कोणीही उलटंच सांगेल. मी वर काय लिहू?"

मला माहीत नव्हतं, पण त्या दिवशी बावीस-अ खाली टेम्पोत होता. तीन आठवडे आधी हेलनबायनं त्याचा शेंडा खुडून त्याला माझ्या उंचीवर आणलं होतं. शनिवारपर्यंत झाड सुधारेल, एवढं तिनं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. शनिवारी तिनं आम्हाला बदललं असतं आणि सोमवारी सिद्धेशला ते सुधारलेलं दिसलं असतं. इतकी वर्षं हेच चाललं होतं. कोणाचं नुकसान नव्हतं.

तिनं माझ्या पानावर हात ठेवला. "हे आठ महिने इथून हललेलं नाही," ती म्हणाली.

"झाड कुठे हलतं, आंटी?"

"हलतं. दर पंधरा दिवसांनी." आणि तिनं सगळं सांगितलं. जोड्या, नंबर, काठी, लिफ्ट. दोघांनी घातलेलं पाणीसुद्धा.

सिद्धेश खुर्चीच्या कडेवर बसला. "म्हणजे एका जागेला दोन झाडं? आणि भाडं?"

"एकाचं."

"मग तुम्हाला परवडतं कसं?"

"ऑफिसं जास्त होती तेव्हा परवडायचं."

"हे आधी सांगायचं ना. याचीच जाहिरात केली असती."

"माझ्या नवऱ्याला आवडायचं नाही ते."

जयवंतीनं पेन खाली ठेवलं होतं. ती उठून आली. "थांबा जरा. म्हणजे भाऊजी दोन होते?"

"हो."

"मी बोलत होते ते?"

"एक पंधरवडा याच्याशी, एक त्याच्याशी."

जयवंतीनं विचार केला. "तरीच," ती म्हणाली. "मध्येच मला वाटायचं, यांना मागचं काहीच कसं आठवत नाही." सिद्धेशला हसू आलं. तिलाही आलं. मग तिनं विचारलं, "दुसरे कुठे आहेत?"

"ते सप्टेंबरात गेले."

जयवंती माझ्या कुंडीच्या काठाला धरून उभी राहिली. "मला सांगायला पाहिजे होतं," ती हळू म्हणाली.

"हो," हेलनबाय म्हणाली. "सांगायला पाहिजे होतं."

सिद्धेशनं वर लांबलचक लिहिलं. तो ते जयवंतीला वाचून दाखवत होता, म्हणून मला ठाऊक. त्याचा उपयोग झाला नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वरून नकार आला आणि त्यानं स्वतः फोन केला. "मी लिहिलं होतं, आंटी. कोणी पूर्ण वाचलं की नाही, माहीत नाही."

झाडं परत नेताना तिसऱ्या खेपेला मी टेम्पोत चढलो. जयवंती लिफ्टपर्यंत आली होती. काळूरामला तिनं हेलनबायचा नंबर मागितला.

"देतो," काळूराम म्हणाला, "पन कांद्याचं पानी पुन्ना नको."

वाडीत आलो तेव्हा मला पहिले दोन दिवस उजेड सोसवला नाही. जाळीखाली सगळी झाडं एकदम उभी होती. ज्या जोड्या कधी दोन मिनिटांपेक्षा जास्त भेटल्या नव्हत्या त्या शेजारी शेजारी. सगळी घरी होती, म्हणजे धंदा बसला होता. हेलनबाय त्यांच्यामधून चालायची आणि कोणाच्याही शेंड्याला हात लावायची नाही. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी तिनं लविनाला फोन करून सांगितलं, "बोलाव तुझ्या माणसाला."

त्याच संध्याकाळी जयवंतीचा फोन आला.

"हेलनताई, भाऊजींना माझ्याकडे पाठवाल का? भाड्यानं. पंधरा दिवस माझ्याकडे, पंधरा दिवस तुमच्याकडे."

"जयवंतीताई, घरात कुणी झाड भाड्यानं घेत नाही."

"म्हणूनच तर घरात झाडं मरतात. माझ्या खिडकीसमोर तीन हातांवर दुसरी बिल्डिंग आहे. ऊन येतच नाही. आजवर सात झाडं मारलीत मी. आमच्या मजल्यावर विचारा, प्रत्येकीनं मारलीत. आता तर कोणी आणतच नाही, पाप लागतं म्हणून."

हेलनबायनं बावीस-अ कडे बघितलं. "दोन असतील," ती म्हणाली. "बावीस-अ याच्यापेक्षा भरदार आहे. फरक दिसेल."

"दिसू दे की. मला कळायला नको का, कोणाशी बोलतेय ते?"

आम्ही दोघं टेम्पोतून चंदनसारला गेलो. मजल्यावरच्या बाकीच्या बायका दारात आल्या. हेलनबायनं आयुष्यात पहिल्यांदाच अनोळखी माणसांना जोडीची पद्धत उभ्या उभ्या समजावून सांगितली. एक आजी म्हणाल्या, "म्हणजे सुनेसारखं. पंधरा दिवस सासरी, पंधरा दिवस माहेरी." कुणाला अरेका हवा होता, कुणाला स्नेक प्लांट. दोन दिवसांत अकरा घरं झाली. लिफ्ट बंद होती.

"पाच मजले मी चढनार नाय," काळूराम म्हणाला.

"तीन चढ. पुढचे दोन मी."

अकरा घरं म्हणजे काही तीस जागा नव्हेत. हेलनबायला ते कळत होतं, आणि आम्हालाही. साठातली निम्म्याहून जास्त झाडं अजून रिकामीच उभी आहेत. उन्हाळ्यात लोक गावी जातील, कुणी दोन महिन्यांत कंटाळेल, कुणी म्हणेल नातवाला अ‍ॅलर्जी आहे. हे टिकेल असं छातीठोक सांगणारा कोणी नाही.

चंदनसारचा पहिला पंधरवडा बावीस-अ कडे गेला आणि मी विश्रांतीला वाडीत परतलो. म्हणून ईस्टरच्या संध्याकाळचं बोलणं मी स्वतः ऐकलं. लविना जेवायला आली होती. जेवण झाल्यावर दोघी जाळीखाली आल्या. लविनानं चप्पल काढली आणि ओल्या मातीवर उभी राहिली.

"मम्मी, तो मंगळवारी माप घ्यायला येतोय. काय सांगू?"

 हेलनबायनं एका अरेकाचं वाळलेलं पान तोडलं, मग दुसरं. "सांग, यंदा नाही."

"तो थांबणार नाही. दुसरी जागा बघेल."

"बघू दे."

"अकरा घरांवर वाडी चालत नाही, मम्मी. तुला पण माहिती आहे."

"माहिती आहे. वर्षभर बघते. बारावं घर नाही मिळालं, तर मी स्वतः तुझ्या त्या माणसाकडे जाईन, तुला मध्ये पडायला नको."

लविनानं झाडांकडे बघितलं. मग तिनं विचारलं, "सकाळी डॅडी घालायचे ते पाणी आता कोण घालतं?"

"सोमवार ते बुधवार काळूराम. गुरुवार ते शनिवार मी. पत्र्यावर खडूनं लिहिलंय, बघ."

लविनानं पत्र्याकडे बघितलं. "आणि रविवारी?"

"रविवारी कोणी नाही."

"का?"

हेलनबायनं खांदे उडवले. "राहू दे एक दिवस तुझ्या डॅडीकडे."

 लविनानं वाकून माझ्या कुंडीतल्या मातीत बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत, तिच्या वडलांसारखं, आणि बोट न पुसताच आईबरोबर घराकडे गेली. मंगळवारी माप घ्यायला कोणी आलं नाही.

आज माझ्यावर चौदा पानं आहेत. तीन नवी. शेंडा मी हवा तसा नेतोय, कोणी खुडत नाही. बावीस-अ माझ्यापेक्षा भरदारच राहणार, आणि त्याला जयवंतीचं सगळं आधीपासून सांगावं लागतं, पण तो ऐकून घेतो. पुढच्या ईस्टरला मी कुठे असेन, हे मला सांगता येणार नाही. हेलनबायलाही येणार नाही. ती मला कुठे नेऊन ठेवेल तिथं मी उभा राहीन.

जाता जाता एक मागणं आहे, ते माझ्यापुरतं नाही. तुमच्या घरात एखादं झाड मान टाकून उभं असेल, तर लगेच तांब्या घेऊन धावू नका. आधी मातीत बोट घालून बघा. आणि मग घरातल्यांना विचारा, आज कुणी घातलंय का. विचारायला संकोच वाटेल. तरी विचारा.